खोक्यावर ‘एचओ’ लिहिलंय म्हणून डबा एचओ होत नाही

प्रश्न थोडक्यात असा. दारव्ह्याकडच्या एका भाऊंना नागपुरात जुन्या मॉडेल रेल्वेचा लॉट मिळतोय: सहा निळे आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याच्या जुन्या पद्धतीचे प्रवासी) डबे, चार बॉक्सएन (कोळशाच्या उघड्या) वाघिणी आणि एक डिझेल इंजिन. विकणारा म्हणतो, सगळं एचओ, म्हणजे खऱ्याच्या १:८७ प्रमाणातलं. भाऊंनी फूटपट्टी लावली तर डबा २५४ मि.मी. लांब, ३७ रुंद आणि चाक १२ मि.मी.चं भरलं. वाघीण ११२ मि.मी. लांब, वजन अवघं ३८ ग्रॅम, अंगावर बारीक रेघा. इंजिन चालतं, पण टकटक करतं. हे खरं एचओ आहे का? घ्यावं का? आणि पुढे मूर्तिजापूर स्टेशन करून तिथे शकुंतला ही नॅरोगेज गाडी उभी करायची आहे, ती याच रुळावर चालेल का?

भाऊ, मोजून आलात हे फार बरं केलंत, नाहीतर नुसत्या फोटोवर काहीच सांगता आलं नसतं. तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी गुंतल्या आहेत. एक प्रमाण, म्हणजे मॉडेल खऱ्याच्या किती पट लहान आहे. दुसरी दर्जा, म्हणजे ते रुळावर नीट धावेल का आणि किती वर्षं टिकेल. प्रमाणात अगदी चोख असलेला डबा दर वळणावर उलटू शकतो, आणि प्रमाणात चुकलेला डबा दहा वर्षं बिनतक्रार पळू शकतो. म्हणून दोन्ही वेगवेगळं तपासायचं.

आधी प्रमाण. रुळांची रुंदी आणि मॉडेलचं प्रमाण एकच समजलं जातं, घोळ तिथून सुरू होतो. १६.५ मि.मी. रुंदीच्या रुळावर एचओ (१:८७) चालतं, ब्रिटिश ओओ (१:७६.२) चालतं, आणि ऑन थर्टी नावाची १:४८ ची अमेरिकन नॅरोगेजही चालते. तिन्ही एकाच रुळावर उभ्या राहतात. त्यामुळे ‘ट्रॅकवर बसतो, म्हणजे एचओ’ या विकणाऱ्याच्या वाक्याला काही अर्थ नाही.

आपल्याकडे त्यात आणखी एक पेच आहे. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मि.मी. रुंद. एचओत तिचे रूळ १९.३ मि.मी. हवेत, आपण वापरतो १६.५. कारण हा रूळ युरोप-अमेरिकेच्या १४३५ मि.मी. गेजसाठी बनलेला आहे आणि तोच बाजारात मिळतो. समोरून पाहिलं की आपला डबा रुळांच्या मानाने जरा पसरट दिसतो तो यामुळे. त्यात मॉडेल बनवणाऱ्याचा दोष नाही. ओओमध्ये तर ब्रॉडगेजला बरोबर २२ मि.मी. लागतात, म्हणजे तफावत अजून मोठी. भारतीय गाड्या करायच्या तर मी एचओच धरायला सांगतो, त्याचं हे एक कारण.

आता खरी मापं. आयसीएफ डब्याची बॉडी २१,३३७ मि.मी. लांब आणि ३,२४५ रुंद. ८७ ने भागलं की २४५ आणि ३७.३ मि.मी. नव्या पद्धतीच्या एलएचबी डब्याची बॉडी २३,५४० लांब, म्हणजे २७०.६. चाक दोन्हीचं नवं असताना ९१५ मि.मी. व्यासाचं, एचओत १०.५. बॉक्सएन वाघीण कपलर (डबे जोडणारा आकडा) सोडून ९,७८४ लांब आणि ३,२०० रुंद, म्हणजे ११२.५ आणि ३६.८; तिचं चाक १००० मि.मी.चं, म्हणजे ११.५. एवढे आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

तुमचा डबा यात बसवून पाहू. रुंदी ३७, बरोबर. लांबी २५४, म्हणजे ९ मि.मी. जास्त. चाक १२, दीड मि.मी. मोठं. लांबी कमी भरली असती तर वेगळा संशय आला असता, कारण जर्मन कंपन्या एचओचे लांब डबे घरातल्या छोट्या वळणांसाठी मुद्दाम आखूड करतात. २६.४ मीटरचा खरा डबा एचओत ३०३ मि.मी. व्हायला हवा, पण तो २८२ किंवा २६४ मि.मी.चाही विकला जातो. रुंदी-उंची १:८७, लांबी मात्र १:१००. म्हणून नुसत्या लांबीवर प्रमाण ठरवू नका. रुंदी आणि चाक आधी, लांबी शेवटी.

तुमच्या बाबतीत लांबी जास्त आहे आणि चाकही मोठं आहे. हे आकडे ब्रिटिश रेल्वेच्या मार्क वन डब्याच्या ओओ मॉडेलशी जुळतात. तो खरा डबा ६३ फूट ५ इंच लांब, ७६.२ ने भागलं की २५३.७ मि.मी. ब्रिटनमधले डबे आपल्यापेक्षा अरुंद असल्याने ओओत त्याची रुंदी ३६-३७ येते, म्हणजे नेमकी आपल्या एचओ आयसीएफएवढी. ९१४ मि.मी.चं चाक ओओत १२ होतं. म्हणजे कुणीतरी ब्रिटिश डबे निळे रंगवून आयसीएफ केले आहेत, असा माझा अंदाज.

अंदाज तपासायला आणखी एक माप घ्या. डबा उलटा करून दोन बोगींच्या मध्यखिळ्यांमधलं अंतर मोजा. (बोगी म्हणजे डब्याखालचा चार चाकांचा सांगाडा, आपण अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो ती नव्हे.) खऱ्या आयसीएफमध्ये हे अंतर १४,७८३ मि.मी. आहे, एचओत १७०. मार्क वन असेल तर ओओत १८६ येईल. एकाच बोगीतल्या दोन आसांमधल्या अंतरावरून मात्र काही कळणार नाही, तिथे ३३.३ आणि ३४ एवढाच फरक पडतो आणि फूटपट्टीला तो दिसत नाही. मग खिडक्या पाहा. आयसीएफ स्लीपरला ७२ बर्थ, म्हणजे नऊ खण, आणि खिडक्यांना आडव्या सळ्या. खऱ्या डब्याचा बाजूने काढलेला फोटो शेजारी ठेवून खिडक्या आणि दारं मोजा. रंग फसवतो, खिडक्यांची संख्या फसवत नाही.

असे डबे घ्यावेत का, हे तुम्ही ते कशासाठी घेताय त्यावर आहे. तीन फुटांवरून सहा डब्यांची निळी गाडी पळताना पाहायची असेल तर ९ मि.मी. कुणाच्या लक्षात येत नाही. पण पुढे त्याच गाडीत एखादा खरा एचओ आयसीएफ जोडणार असाल तर खिडक्यांची रेघ जुळणार नाही आणि ते सतत खुपेल. माझं मत: रंगवलेल्या ब्रिटिश डब्याच्या भावात मिळाले तर घ्या, ‘भारतीय मॉडेल’ म्हणून जास्तीचे पैसे देऊ नका. १२ ची चाकं काढून १०.५ ची घालणार असाल तर लक्षात ठेवा, डबा पाऊण मि.मी. खाली बसेल आणि कपलरची उंची पुन्हा जुळवावी लागेल.

वाघिणी प्रमाणात चोख आहेत. ११२ मि.मी. म्हणजे बॉक्सएन एचओच. पण ३८ ग्रॅम आणि तुम्ही सांगितलेल्या बारीक रेघा पाहता त्या थ्री-डी प्रिंट केलेल्या दिसतात. त्यात वाईट काही नाही, फक्त काय तपासायचं ते बदलतं. सपाट काचेवर वाघीण चाकांशिवाय ठेवा आणि तळाखालून उजेड येतो का पाहा. उजेड दिसला तर सांगाडा वाकलाय, आणि सगळी चाकं रुळावर सारखी टेकणार नाहीत. प्रिंट पीएलए प्लास्टिकची असेल तर ती साधारण ६० अंशांना मऊ पडते. आपल्याकडे मे महिन्यात टिनाच्या छपराखालचा माळा किंवा उन्हात उभी बंद गाडी त्याच्या जवळपास सहज जाते. रेझिनची प्रिंट ठिसूळ असते. पायऱ्या आणि ब्रेकचे दांडे हात लागताच तुटतात. कोणती आहे हे विकणाऱ्याला विचाराच. त्याला सांगता आलं नाही तर बारीक थरांच्या रेघा शोधा: नखाला लागत असतील तर बहुतेक पीएलए.

वजनाबद्दल अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस सोपी आहे. एचओत प्रत्येक डब्याला १ औंस, आणि वर लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. ग्रॅममध्ये २८ अधिक दर इंचाला १४. तुमची वाघीण ४.४ इंच, म्हणून सुमारे ९० ग्रॅम हवी; आहे ३८. डबा १० इंच, म्हणून १७० ग्रॅम. हलकी वाघीण गाडीच्या मध्ये आली की वळणावर पुढच्या-मागच्या ओढीने आतल्या बाजूला उपटली जाते, आणि आपण उगाच रुळाला दोष देत बसतो. गाडीतले सगळे डबे आपापल्या लांबीच्या मानाने सारखेच जड असणं हे त्यातलं मर्म.

यावर उपाय स्वस्त आहे. हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी वॉशर आणा, सराफाच्या काट्यावर ५२ ग्रॅम मोजून घ्या, तळाशी बोगींच्या वर समान वाटून दुहेरी टेपने चिकटवा आणि वरून कोळसा भरा. वणीकडच्या खऱ्या कोळशाचा एक खडा कुटून चहाच्या गाळणीतून चाळला तर चारही वाघिणींना पुरतो. पातळ केलेल्या फेविकॉलने तो बसवा. कोळशाखाली वॉशर दिसत नाहीत. रिकामी वाघीण दाखवायची असेल तर मात्र वजन लपवायला जागा नाही, तेव्हा तळाच्या मापाची लोखंडी पट्टी कापून घ्यावी लागेल. वजन शक्य तितकं खाली ठेवा. छताला चिकटवलेलं वजन डब्याला डोलवतं.

आता दर्जा, आणि तो तपासायची जागा डब्याच्या पोटाखाली आहे. विकणारा रंग दाखवतो. तुम्ही डबा उलटा करा.

चाकं धातूची आहेत की प्लास्टिकची? प्लास्टिकची चाकं रुळावरची काळी घाण गोळा करून पुन्हा रुळावर पसरवतात. चाक बोटाने फिरवून उजेडाकडे धरा. कड डावी-उजवीकडे लचकताना दिसली तर ते चाक आसावर तिरकं बसलंय. मग दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. एचओत ते साधारण १४.४ ते १४.५ मि.मी. हवं. कमी असेल तर सांध्याच्या (एका रुळावरून दुसऱ्यावर जायच्या जागेच्या) काट्यावर चाक चढतं, जास्त असेल तर काट्यात अडकतं. इथे फूटपट्टी पुरत नाही, व्हर्नियर लागतो. तालुक्याच्या लेथवाल्याकडे तो असतोच, दोन मिनिटांचं काम आहे. चाकं आसावर घट्ट सरकवून बसवलेली असतात, हलक्या हाताने पिळून ती सरकवता येतात. दोन्ही बाजूंनी सारखी सरकवा, नाहीतर चाकं बोगीत एका अंगाला बसतात.

चाकाची कडही पाहा. जुन्या खेळण्यातल्या गाड्यांच्या कडा मि.मी.हून जास्त खोल असतात. कोड १०० च्या, म्हणजे अडीच मि.मी. उंचीच्या जाड रुळावर त्या चालून जातात. पण खरा ६० किलोचा रूळ १७२ मि.मी. उंच असतो, एचओत दोन मि.मी.; त्याच्या जवळचा कोड ८३ चा बारीक रूळ पुढेमागे टाकलात तर या कडा रूळ धरणाऱ्या खिळ्यांवर खडखडतील.

मग घरंगळ पाहा. एक मीटर सरळ रूळ घ्या, एक टोक दोन सें.मी. वर उचला. वर ठेवलेला डबा न ढकलता खाली गेला पाहिजे. मध्येच थांबला तर बहुतेक आसाची टोकं बोगीच्या खाचेत नीट बसत नाहीत: आस लांब असेल तर दाबला जातो, आखूड असेल तर डुगडुगतो. प्लास्टिकच्या खाचेत तेल घालू नका. शिलाई मशीनचं तेल घालायचा मोह सगळ्यांना होतो, आणि आपल्याकडे घरात चांगल्या भावाची वाट पाहत कापूस भरलेला असेल तर महिनाभरात त्या तेलावर सरकीच्या तंतूंची वात वळली जाते. फारच अडत असेल तर पेन्सिलीच्या शिशाची पूड पुरे. जुना डबा घेताना चाकामागे आसाला गुंडाळलेला धागा सुईने उसकून काढा. ‘जाम आहे’ म्हणून स्वस्तात सोडलेला डबा कधीकधी एवढ्यावर मोकळा होतो.

बोगी डब्याला कशी जोडली आहे हेही बघा. दोन्ही बोगी सगळ्या बाजूंनी डुलत असतील तर डबा झोकांड्या खातो. दोन्ही करकचून बसल्या असतील तर रुळाच्या जराशा पिळावर एक चाक उचललं जातं. एका बोगीचा स्क्रू इतका आवळा की ती फक्त वळेल. दुसरी थोडी सैल, म्हणजे ती आडवीही हलेल. तीन पायांचं स्टूल ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही, तेच तत्त्व.

कपलर हा प्रमाण आणि दर्जा दोन्हींचा विषय. खऱ्या आयसीएफला साधारणपणे बाजूचे बफर आणि स्क्रू कपलिंग. एलएचबी आणि बॉक्सएनला मध्यभागी मुठीसारखं सीबीसी (सेंटर बफर कपलर). मॉडेलमध्ये मुठीचे कपलर घातले तर मध्याची उंची रुळापासून ९.९ मि.मी. धरतात. मि.मी.भर वरखाली असेल तर चढावाच्या तोंडाशी गाडी सुटते. ओओ डब्याला ब्रिटिश आकड्याचे कपलर असतील आणि वाघिणींना मुठीचे, तर गाडी जोडलीच जाणार नाही. सहा डब्यांचे बारा कपलर बदलायचा खर्च भावात धरा.

वळणाचा हिशेबही घ्या. डब्याच्या लांबीच्या निदान दुप्पट त्रिज्या हवी, तिप्पट असेल तर दिसायलाही बरं. २५४ च्या डब्याला किमान ५०८ मि.मी. खेळण्याच्या संचातली ४३८ मि.मी. ची वळणं याला कमी पडतात. डब्यांचे कोपरे एकमेकांना घासतात. चार बाय आठच्या प्लायवर ५५० पर्यंत त्रिज्या बसते, तेवढ्यात तुमचं काम होईल.

रंगाचं थोडक्यात सांगतो, कारण तो सगळ्यांना आधीच दिसतो. भिंगातून देवनागरी अक्षरं वाचा. स्वस्त छपाईत मात्रा तुटतात, वेलांटी उलटी येते. डबा क्रमांकही तपासा: जुन्या पाच अंकी पद्धतीत पहिले दोन अंक बांधणीचं वर्ष आणि शेवटचे तीन डब्याचा प्रकार. २०१ ते ४०० स्लीपर, ४०१ ते ६०० जनरल. स्लीपरवर शेवटी ५१२ असेल तर ज्याने रंगवलं त्याने खरा डबा नीट पाहिलेला नाही, आणि मग त्याच्या बाकीच्या दाव्यांवरही मी फार भरवसा ठेवणार नाही.

इंजिनाच्या टकटकीकडे वळू. टक् प्रत्येक चाकफेरीला एकदाच येत असेल तर आसावरचा नायलॉनचा दातेरी गिअर चिरलेला असतो. चीर पडली की तिथल्या दोन दातांमधलं अंतर वाढतं आणि दर फेरीला तो दात अडखळतो. चिकटवून उपयोग नाही, गिअरच बदलावा लागतो. त्या इंजिनाचा गिअर मिळत असेल तरच घ्या. आवाज वेगाबरोबर बदलत नसेल तर कारण दुसरं, बहुधा सुटलेली वायर किंवा बॉडीचा पत्रा. उघडायला दिलं तर धातूचा सांगाडा पाहा: जुन्या जस्त-मिश्रधातूत भेसळ असेल तर तो फुगतो आणि बारीक तडे जातात. त्याला इलाज नाही. तसं दिसलं तर इंजिन सोडून द्या. मल्टिमीटर असेल तर एकाच आसाच्या दोन चाकांमध्ये जोड दाखवतो का तेही बघा. दाखवत असेल तर ते मार्कलिन या जर्मन कंपनीच्या तीन-वाहक पद्धतीचं असू शकतं, आणि तुमच्या दोन-वाहक रुळावर ठेवताच शॉर्ट होईल. हीच चाचणी डब्यांच्या धातूच्या चाकांनाही लावा.

शकुंतला १६.५ च्या रुळावर चालणार नाही, एचओत तर नाहीच. तिचं गेज ७६२ मि.मी.; १:८७ ला ते ८.८ येतं. म्हणून ९ मि.मी. रूळ घ्यायचा, म्हणजे एन स्केलचा रूळ, पण गाडीची बॉडी १:८७ ची. याला एचओई म्हणतात. एनचं छोटं इंजिन विकत घेऊन त्याच्या चाकांवर १:८७ ची बॉडी बसवतात. १९२१ मध्ये मँचेस्टरला बांधलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं, नंतर डिझेल आलं; कोणत्या काळातली गाडी करायची ते आधी ठरवा, त्यावर इंजिन ठरेल. एन स्केलचे तयार डबे त्यावर ठेवू नका. ते १:१६० चे असतात. शेजारच्या ब्रॉडगेज फलाटावरचा माणूस त्यांच्या दारात मावणार नाही. मूर्तिजापूरला ब्रॉडगेज आणि नॅरोगेज शेजारी दाखवताना एक गोष्ट खटकेल: खऱ्यात नॅरोगेज ब्रॉडगेजच्या ४५ टक्के रुंद, मॉडेलमध्ये ९ भागिले १६.५, म्हणजे ५५ टक्के. दोन्ही रुळांमध्ये एक मालधक्का किंवा झाडांची रांग घातली की नजर थेट तुलना करत नाही.

पुन्हा नागपूरला जाणं जमणार नसेल तर विकणाऱ्याला तीन फोटो मागा: एक बाजूने, एक उलटा करून, एक समोरून. डब्याच्या बाजूला टेकवून दहा रुपयांचं नाणं उभं ठेवायला सांगा. बाजारात ते कुणी घेत नसलं तरी इथे कामाचं आहे, त्याचा व्यास २७ मि.मी. फोटो पाच-सहा फुटांवरून झूम करून काढायला सांगा. जवळून काढला की कडेची मापं फुगतात. फोटोत नाणं जितकं भरतं त्या हिशेबाने चाक, रुंदी आणि बोगींमधलं अंतर काढता येतं. आणि व्यवहार ठरलाच तर वाघिणी पावसाळ्यानंतर मागवा, मे महिन्याच्या कुरिअरच्या गाडीत नको.